तेहतीसचे त्र्याण्णव

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. कांद्याच्या खतमात्रांवरचा तुझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध "आकडेवारी नॉर्मल नाही, अप्राचलिक चाचणी लावावी" (म्हणजे आकडे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणात बसत नाहीत, तसे वितरण गृहीत न धरणारी चाचणी घ्यावी) एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला, आणि आता ॲनोव्हाची, म्हणजे गटांच्या सरासऱ्या ताडून पाहणाऱ्या प्रचरण-विश्लेषणाची, सगळी कोष्टके काढून तेथे आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरणारी क्रुस्कल-वॉलिस चाचणी बसवावी काय, असे तू विचारतोस. माझे म्हणणे असे की, तूर्त कोष्टकांना हात लावू नकोस. शेरा चूक आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे, आणि केवळ त्यावरून चाचणी बदललीस तर पुढच्या वेळी याहून रास्त आक्षेप येईल.

ॲनोव्हा तू वर्षानुवर्षे शिकवतो आहेस, पण परीक्षेपुरते शिकवताना त्यातली मूळची गोष्ट निसटते. नाव प्रचरणाच्या, म्हणजे आकड्यांच्या विखुरणीच्या, विश्लेषणाचे आणि प्रश्न मात्र सरासऱ्यांचा, असे का? रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला तेव्हा तेथे १८४३ पासूनच्या खतप्रयोगांच्या नोंदी साठलेल्या होत्या, आणि १९२३ साली विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह त्याने जो लेख छापला तो बटाट्याचे वेगवेगळे वाण खताला कसा प्रतिसाद देतात याविषयी होता. त्यामागचा विचार कोणाही शेतकऱ्याला पटेल असा आहे: तेच बी, तेच खत, तेच पाणी दिलेल्या दोन प्लॉटांतही उत्पादन सारखे येत नाही, आणि ही जी आपोआप पडणारी तफावत, तीच आपली मोजपट्टी. खत बदलल्यामुळे दिसणारा फरक या मोजपट्टीच्या किती पट आहे, एवढेच ॲनोव्हातला एफ हा भागाकार सांगतो. (फिशरच्या नावातले ते अक्षर अमेरिकेतल्या जॉर्ज स्नेडेकरने दिले, फिशरने स्वतः तसे म्हटले नव्हते.)

आता वही घेऊन बस. मी मुद्दाम सोपे आकडे रचले आहेत. तीन खतमात्रा, प्रत्येकी चार प्लॉट, उत्पादन किलोत. पहिलीचे १७, १९, २१, २३. दुसरीचे २२, २४, २६, २८. तिसरीचे २७, २९, ३१, ३३. सरासऱ्या २०, २५ आणि ३०. प्रत्येक गटातल्या आकड्यांच्या आपल्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २०, म्हणजे तिन्हींची ६०. तिला स्वातंत्र्याच्या ९ मात्रांनी (१२ आकडे वजा ३ सरासऱ्या) भागले की ६.६७ ही मोजपट्टी मिळते. गटागटांच्या सरासऱ्यांमधल्या फरकाची तशीच बेरीज २००, तिच्या स्वातंत्र्याच्या मात्रा २ (३ गट वजा १), म्हणून १००. भागाकार १५. पाच टक्के पातळीचा तक्त्यातला आकडा ४.२६ (खतांत फरक नसतानाही एफ याच्या वर जाण्याची शक्यता पाच टक्केच), तेव्हा खतांत फरक आहे याबद्दल शंका उरत नाही.

यानंतर समज की फील्ड बुकातून संगणकात आकडे भरताना शेवटचा ३३ हा ९३ झाला. तुझ्या अक्षरातला ३ आणि ९ मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहेत, तेव्हा हे समजणे अगदीच काल्पनिक नाही. तिसऱ्या खताची सरासरी ३० वरून ४५ वर गेली. आधीच जिंकलेले खत आणखी पुढे गेले, म्हणजे एफ वाढायला हवा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गटागटांमधला फरक १०० वरून ७०० झाला, सातपट; पण मोजपट्टी ६.६७ वरून ३४६.६७ झाली, बावन्नपट. एफ आला २.०२. जो फरक एवढा ठळक होता, तो एका आकड्याच्या अतिरेकाने नाहीसा झाला, आणि तोही जिंकणाऱ्याच्याच बाजूच्या आकड्याने. वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर घालतो तेव्हा मुले बेरीज पुन्हा तपासायला लागतात.

हेच बारा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून त्यांना १ ते १२ क्रम दे. पहिल्या खताच्या क्रमांची बेरीज ११, दुसऱ्याची २६, तिसऱ्याची ४१. त्यावरून विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस यांनी १९५२ साली मांडलेले एच काढले तर ८.६५ येते, आणि तक्त्यातली मर्यादा ५.९९ आहे. ३३ च्या जागी ९३ घातला तरी तो बारावाच. एच जागचा हलत नाही. फ्रँक विल्कॉक्सन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली अवघ्या चार पानांच्या लेखात क्रमांची ही वाट दोन गटांसाठी दाखवली होती. तो कीटकनाशकांवर काम करणारा माणूस होता, आणि चटकन हाताने करता येईल अशी रीत त्याला हवी होती, हे त्या लेखाच्या आटोपशीरपणावरून कळते.

मग क्रमच का वापरू नयेत? किंमत फार नाही. आकडे खरोखर नॉर्मल असले तरी मोठ्या संख्येत क्रमचाचणीची कार्यक्षमता ९५ टक्क्यांहून थोडी जास्त भरते, म्हणजे ॲनोव्हाला १०० प्लॉटांत जे दिसते ते हिला सुमारे १०५ प्लॉटांत दिसते. परंतु दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत, आणि तुझा परीक्षक हे विसरला आहे असे मला वाटते. ॲनोव्हा सरासरी विचारते, म्हणून तिच्यापुढे सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे लक्षणीय ठरायला लागणारा किमान फरक) काढून "या खताने प्लॉटमागे इतके किलो जास्त" असे सांगता येते. क्रुस्कल-वॉलिस एवढेच सांगते की एका गटातला कोणताही प्लॉट उचलला तर तो दुसऱ्या गटातल्या प्लॉटापेक्षा वरचढ निघण्याकडे कल आहे. ती मध्यकांची तुलना करते असे सर्रास लिहिले जाते, पण तसे म्हणायला गटांच्या वितरणांचा आकार सारखा असावा लागतो. शेतकरी तुझ्याकडे क्रम मागायला येत नाही, किलो मागायला येतो.

आता "नॉर्मल नाही" या शब्दांकडे ये. तू पाठवलेल्या कागदावरून दिसते की तिने सर्व प्लॉटांचे उत्पादन एकत्र करून त्यावर नॉर्मलपणाची चाचणी लावली. खतांत खरा फरक असेल तर एकत्रित आकड्यांना तीन उंचवटे येणारच. ते येणे हे तर प्रयोगाचे यश! नॉर्मल असायला हवेत ते अवशेष, म्हणजे ट्रीटमेंटचा (येथे खताचा) आणि जमिनीच्या ब्लॉकचा परिणाम वजा केल्यावर जे उरते ते. ते काढ, आलेखावर ठेव, आणि डोळ्यांनी पाहा. त्यात एकच आकडा दूर जाऊन बसला असेल तर चाचणी बदलण्याआधी फील्ड बुक उघड.

दुसरे असे की प्रयोग आरबीडीत (जमिनीचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सर्व खते लावण्याच्या रचनेत) आहे, चार रेप्लिकेशनचा, म्हणजे चार ब्लॉकचा. ओढ्याकडचा ब्लॉक नेहमी वरचढ असतो म्हणूनच तर आपण ब्लॉक पाडतो. क्रुस्कल-वॉलिस या ब्लॉकना ओळखत नाही. ती लावली की ओढ्याचा सगळा फायदा पुन्हा चुकीच्या खात्यात मिसळतो. क्रमच लावायचे असतील तर मिल्टन फ्रीडमनची १९३७ सालची चाचणी घे, ज्याला पुढे १९७६ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तोच हा. तिच्यात क्रम प्रत्येक ब्लॉकच्या आतच लावतात. तीन खतांचे क्रम लागण्याचे प्रकार ६. पहिल्या ब्लॉकमध्ये जो क्रम लागला तोच उरलेल्या तीनही ब्लॉकमध्ये योगायोगाने लागण्याची शक्यता २१६ मध्ये १. एवढे सरळ गणित आहे की ते परीक्षकांपुढे फळ्यावर करून दाखवता येईल.

रोपवाटिकेतल्या छोट्या प्रयोगाविषयी मात्र स्पष्ट लिहितो. दोन ट्रीटमेंट आणि तीन-तीन वाफे असताना तिने मान-व्हिटनी ही दोन गटांची क्रमचाचणी लावून "फरक लक्षणीय नाही" असा निष्कर्ष काढला आहे. सहा क्रमांतून तीन निवडण्याचे प्रकार २०. एका ट्रीटमेंटचे तिन्ही वाफे वरचढ निघाले तरी दोन्ही बाजूंची शक्यता मिळून २० मध्ये २, म्हणजे ०.१०. पाच टक्क्यांच्या खाली ती चाचणी तेथे जाऊच शकत नव्हती. ते वाक्य प्रबंधातून काढायला सांग.

आणि सर्वांत काळजीची बाब तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे, जी तू सहज लिहून गेला आहेस. पातींच्या उंचीच्या कोष्टकात प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडे मोजून त्यांची साठ निरीक्षणे धरली आहेत. खत प्लॉटाला दिले, झाडाला नाही. म्हणून प्लॉट बाराच आहेत आणि आकडेही बाराच. पाच झाडांची सरासरी घेऊन ती प्लॉटाची म्हणून मांड. हा दोष क्रम लावून जात नाही, कारण एकाच प्लॉटातली झाडे एकमेकांशी बांधलेली असतात हे क्रमचाचणीलाही कळत नाही. हे परीक्षकांच्या नजरेतून सुटले, याचे मला नवल वाटते. तुमच्या ग्रंथालयातल्या पानसे-सुखात्मे यांच्या शेतीसाठीच्या संख्याशास्त्रावरील १९५४ सालच्या ग्रंथाची प्रत निदान प्रयोगरचनेच्या प्रकरणापुरती तिच्या हाती दे.

तेव्हा क्रम असा ठेव: आधी प्लॉटांच्या सरासऱ्या, मग अवशेष, मग दूरचा आकडा असल्यास फील्ड बुक, आणि एवढ्यानेही वाकडेपणा राहिलाच तर फ्रीडमन. माझा अंदाज विचारशील तर तेथवर जायची वेळ येणार नाही. फील्ड बुकातल्या त्या पानांचे फोटो मला पाठव. ३ कोणता आणि ९ कोणता हे तुझ्या विद्यार्थिनीपेक्षा मला लवकर ओळखता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
अनंत