बाळ्या, इंजिन फिरलं!

रॉचेस्टर हिल्स, मिशिगन
मंगळवार, रात्री

प्रिय बाळ्या,

इंजिन फिरलं. शनिवारी दुपारी. घरात सांगितलं तर "बरं झालं, आता हात धुवा आणि जेवायला या" एवढंच उत्तर आलं. ऑफिसात सांगून उपयोग नाही, तिथली पोरं गाड्यांची सगळी गणितं स्क्रीनवर करतात, कुणाच्या नखात ग्रीस नाही. म्हणून तुला लिहितोय. फोन केला असता, पण तू दुसऱ्या वाक्यालाच तोडतोस आणि मला हे सगळं नीट सांगायचंय.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा थंडीत कुरकुरतो. झालं.

तर शेजारच्या आजींच्या गॅरेजमधली ती गाडी. फोटो बघून "ही गाडी आहे का होडी" असं विचारलं होतंस ती. १९६८ ची पॉन्टियाक जीटीओ. लांबी पाच मीटरच्या वर आणि दारं फक्त दोन, त्यामुळे होडी म्हणालास तरी मी भांडणार नाही. ४०० घनइंचांचं आठ सिलिंडरांचं व्ही-एट, म्हणजे साडेसहा लिटर. तुझ्या भाषेत सांगतो: एकेका सिलिंडरमध्ये आपल्या अडीचशे सीसीच्या यझदी मोटरसायकलीची तीन इंजिनं मावतात आणि वर थोडी जागा उरते. साडेतीनशे घोडे. ही चालू झाली की जाळ आणि धूर संगटच.

हिच्या जन्माची गोष्ट तुला आवडेल. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. त्यांच्याच पॉन्टियाक विभागाचा मुख्य इंजिनिअर डीलॉरियन यानं आणि त्याच्या माणसांनी १९६४ च्या टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन बसवलं आणि त्याला वेगळं मॉडेल न म्हणता गिऱ्हाइकानं वरून मागून घ्यायची वस्तू म्हणून विकायला काढलं. नियम मॉडेलला, मागून घेतलेल्या वस्तूला नाही! पॉलिटेक्निकमध्ये मोटरसायकल आणायला बंदी झाल्यावर लुनाला पेडल आहे म्हणजे ती सायकलच, हे वॉचमनला पटवून देणारा तू. डीलॉरियनच्या खात्यात तुला बिनमुलाखतीची नोकरी होती.

आजींचे यजमान पॉन्टियाकच्याच कारखान्यात लाइनवर होते. गाडीचा नंबर २४२३७८ ने सुरू होतो आणि पुढे पी अक्षर. २४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची टपाची गाडी, ८ म्हणजे अडुसष्ट साल आणि पी म्हणजे पॉन्टियाक शहरात जुळलेली. ते शहर इथून जवळच. पॉन्टियाक हे नाव कंपनीनं २०१० मध्ये कायमचं बंद केलं, पण या भागातली म्हातारी माणसं अजून "आम्ही पॉन्टियाकवाले" असंच सांगतात. लग्नानंतर दोघं उन्हाळ्यात याच गाडीतून रात्री वुडवर्ड ॲव्हेन्यूवर फिरायची. त्या रस्त्यावर तेव्हा सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या गाडीशी शर्यत लागायची. आजी सांगतात, "मी डोळे मिटून घ्यायचे, पण कान उघडे ठेवायचे."

१९८१ पासून गाडी जागची हललेली नाही. एअर क्लीनर उघडला तर आत उंदरांचं भरलेलं घर: कापूस, मेपलच्या बिया, सीटचा फोम. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास. ब्रेकचे चारही सिलिंडर जाम, पाइप गंजून पापड. पण स्टिअरिंगला सुतळीनं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर बॉलपेननं ठसठशीत लिहिलं होतं: 'पाणी काढलेलं आहे. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंनी.' बाळ्या, मी तो पुठ्ठा हातात धरून किती तरी वेळ तसाच उभा होतो. इथल्या थंडीत इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहिलं तर बर्फ होऊन ब्लॉक फुटतो, खेळ खलास. रेडिएटरची तोटी कुणीही उघडतं. ब्लॉकचे दोन्ही बूच आठवणीनं काढणारा माणूस गाडी टाकून जात नव्हता, परत यायच्या बोलीनं ठेवून जात होता.

इंजिन जामच होतं. आठही प्लग काढले आणि प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल नि ॲसिटोन निम्मं निम्मं ओतलं. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब दांडा लावून रोज थोडा ताण द्यायचा आणि सोडून द्यायचं. झटका नाही, हातोडा नाही. हिवाळाभर हाच कार्यक्रम. तू असतास तर पहिल्याच दिवशी गाडी टॉपला टाकून चार पोरं मागे लावली असतीस. यझदीचा किकर तूच मोडलास हे मी आजही म्हणतो. दोन्ही पायांनी उभा राहिला होतास त्याच्यावर! "शाफ्टला आधीच चीर होती" हे आपल्या शॉपमधल्या आप्पांनाही पटलं नव्हतं. त्यांनी तुटका तुकडा उजेडात धरून बघितला, चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत, एवढंच.

शनिवारी दांडा सरकला तेव्हा वाटलं पाना घसरला. वाकून बघितलं तर पुलीवरची खडूची खूण हलली होती. बोटभर. पुन्हा ताण दिला, वीतभर. मग प्लगच्या भोकातून तांबडं तेल भस्सकन बाहेर आलं आणि शर्ट, भिंत, छत सगळं रंगलं. मी एकटाच ओरडलो. आजी काठी टेकत आल्या, म्हणाल्या, "चालू झाली?" मी म्हटलं, नाही, फिरली. त्यांना फरक कळला नाही, पण त्या हसल्या.

आणि इथूनच माझी झोप उडाली आहे. रविवारी एकेक पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. कार्बुरेटरमधून सुसली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल ओतायच्या तोंडातून आली तर रिंगा, हे तुला मी काय सांगणार. सात सिलिंडर चालण्यासारखे आहेत. सहाव्याची हवा तेलाच्या तोंडातून अशी येते की तळहाताला गार लागते. वायरच्या टोकाचा कॅमेरा आत सोडला. इंजिन बंद पडताना सहाव्याचा इनलेट उघडा राहिलेला आणि पिस्टन खाली, त्यामुळे इतकी वर्षं दमट हवा थेट आत. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या भागात एका बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. खोल किती, ते कॅमेऱ्यात कळत नाही.

दुसरं दुखणं टायमिंग चेनचं. क्रँक मागेपुढे हलवला तर डेल्कोचा (डिस्ट्रिब्यूटरचा) रोटर बऱ्याच उशिरा हलतो. चेन सैल. त्या काळी आवाज कमी यावा म्हणून कॅमच्या चक्राच्या दात्यांवर नायलॉन चढवायचे. ते म्हातारं झालं की तडकतं, तुकडे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पडतात, ऑइलपंपाच्या जाळीत अडकतात आणि बेअरिंगा तेलाविना जळतात.

आता दोन वाटा. पहिली: चेन बदलायची, डेल्को काढून त्या भोकातून ड्रिलनं ऑइलपंप फिरवून सगळीकडे तेल पोचवायचं, बाहेर डबा टांगून ताजं पेट्रोल द्यायचं आणि लावायचा सेल्फ. चालू होईल, मला खात्री आहे. चिकटलेल्या रिंगा कदाचित चालता चालता सुटतीलही. पण एखादी रिंग तुटली तर ती बोअर खरवडून काढेल. आणि ब्लॉक मूळचा आहे. अडुसष्टपासून ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा भाग ठोकलेला असतो, तो मी ब्रशनं घासून वाचला. जुळतो. दुसरा ब्लॉक बाजारात मिळेल, हा मिळणार नाही. आणि गाडी माझी नाही, अजून आजींच्या नावावर आहे.

दुसरी वाट: इंजिन बाहेर काढून आठही बोअर तीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) वाढवायचे, नवे पिस्टन, नव्या रिंगा. किंवा फक्त सहाव्याला लायनर, म्हणजे आतून नवी नळी, मारायचा. इथला मशीन शॉपवाला चांगला आहे, पण पुढच्या वर्षाआधी हात लावणार नाही म्हणतो.

आणि आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात राहून आल्या. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, हजारो गाड्या येतात. त्यांना तिथं जायचंच आहे असं नाही. दारात उभी करून चालू केली तरी चालेल म्हणतात. त्यांचा मुलगा म्हणतो, व्हिडिओ दाखवा दुसऱ्या तसल्या गाडीचा. असं कसं रे चालेल? आजींना हिचाच आवाज ऐकायचाय.

सारखे आप्पा आठवतात. "उघडायचं तर पुरतं उघड, नाहीतर हात लावू नकोस." बोअरमधून नख फिरवायचे, अडकलं की बोअरिंग करून भोक मोठं, नाही अडकलं तर नुसतं घासून होनिंग. पण याच आप्पांनी शिरोळच्या त्या शेतकऱ्याचं इंजिन, ऊस वाळत होता म्हणून, रात्रीत नुसत्या रिंगा घालून दिलं होतं. "पाणी पाजून झालं की परत आण," म्हणाले, आणि त्यानं आणलंही. तू तेव्हा बाकावर झोपला होतास, दिवा मी धरला होता. उद्यमनगरात त्या वेळी आपलं एकच शॉप उघडं होतं. ते आठवल्यापासून मला तिसरी वाट दिसायला लागली आहे: उजवीकडचं हेड काढायचं, इंजिन थोडं उचलून चेंबर खाली घ्यायचा, जाळी साफ, चेन नवी, सहाव्याला हलकं होनिंग आणि फक्त त्याच्या रिंगा. आजींना ऐकवायचं, दोन-चार वेळा, जोर न देता. आणि हिवाळ्यात इंजिन बाहेर काढून पुरतं काम. आप्पांनी हे चालवून घेतलं असतं असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते तू सांगायचं आहेस, कारण त्यांचा हात तुझ्याकडे आलाय.

ते गेले तेव्हा येता आलं नाही. त्यावर समोरासमोरच बोलू.

तुझं काय? दुसरं सीएनसी मशीन आलं का? बँकेनं हप्ता वाढवला म्हणाला होतास. चिन्मयीचं ठरलं हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख आधी कळव, तिकीट काढतो. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? त्यांना नमस्कार. काकूंना माझ्या वाटणीचं लोणचं ठेवायला सांग.

येत्या शनिवारी हेड काढतोय. तोवर मला एवढं लिहून पाठव: एकाच बाजूला खड्डे असतील तर किती खोलीपर्यंत होनिंगवर भागवायचं? एका बोअरला लायनर मारला तर शेजारच्या भिंतीला किती जाडी राखता तुम्ही? बोअर १०४.६ मिमी आहे. आप्पांच्या निळ्या वहीत बघ, त्यांनी ट्रकच्या ब्लॉकांची मापं मागच्या पानांवर लिहिलेली असायची. व्हॉइस मेसेज पाठवू नकोस, मागे लेथ चालू असतं आणि आकडे ऐकू येत नाहीत.

तुझा,
नंदू