तिसरी घंटा देणाऱ्या मुलीला

प्रिय मनू,

रविवारची रात्र. साडेअकरा वाजून गेलेत. शाळेच्या नाटकाचा स्ट्राइक, म्हणजे शेवटच्या प्रयोगानंतर सेट उतरवून आवरणं, आटोपून तू आलीस आणि दोन घास खाऊन बुटांसकट झोपलीस. तुझे काळे कपडे मी आत्ताच मशीनमधून काढले. पँटच्या गुडघ्यांना, बाहीला, मोज्यांच्या तळव्यांना हिरव्या-गुलाबी टेपचे बारीक तुकडे चिकटलेले होते. गेल्या वर्षी असे तुकडे निघाले की मी वैतागायचे. आज एकेक सोडवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला लावून ठेवलाय. हिरवा म्हणजे पहिल्या अंकातलं टेबल, गुलाबी म्हणजे दुसऱ्या अंकातला पलंग. स्टेजवर अंधार असताना सामान कुठे ठेवायचं ते या टेपवरून कळतं, हे स्टेज मॅनेजर म्हणून तू नव्या मुलांना फोनवर सांगताना मी ऐकलंय.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मला जे म्हणायचंय ते इंग्रजीत म्हणताना माझं निम्मं मागे राहतं. तू मराठी शाळेत शिकलीयस, हळूहळू वाचता येईल. कुठे अडलंस तर विचार.

गेल्या वर्षीच्या शाळेच्या म्युझिकलची, म्हणजे संगीत नाटकाची, रात्र मला विसरता येत नाही. आम्ही सहा तिकिटं काढली होती. शेजारच्या काकू, तुझी मराठी शाळेतली मैत्रीण आणि तिची आई, सगळ्यांना हौसेने घेऊन आलो. हातात फुलं होती. पडदा उघडल्यापासून मी प्रत्येक चेहऱ्यात तुला शोधत होते. कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात तुझं नाव सापडलं. घरी येताना गाडीत मी विचारलं, "मग तू नक्की केलंस काय?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "काही नाही." मीही ते खरं मानलं. त्या दोन शब्दांबद्दल मला तुझी माफी मागायची आहे. ते उत्तर तुझ्या तोंडी मीच घातलं होतं.

नववीत तू थिएटरचा वर्ग घेतलास तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला जे १२० क्रेडिट लागतात, त्यांतले ५ कलेचे असावे लागतात. ते झाले, विषय संपला, असा माझा हिशेब. मग शाळा सुटल्यावरचं सुरू झालं. सप्टेंबरमध्ये घरी आलेल्या कागदावर कॉल टाइम, टेक वीक, स्ट्राइक असे शब्द होते आणि खाली पालकांची सही हवी होती. तालमींना कोणत्या दिवशी येता येणार नाही ते आधीच लिहून द्यायचं होतं. मी दिवाळीचे दोन दिवस लिहिले आणि सही केली. ज्याच्यावर सही करतोय ते समजून घ्यावं, एवढंही मी तुझ्यापाशी बसले नाही. गणिताच्या क्लासच्या फॉर्मवर मी अशी सही केली नसती.

यंदा बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे नाटकाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटात, नाव दिलं ते खरं तर तुझ्यावर लक्ष ठेवायला. डिसेंबरात केमिस्ट्रीचा ग्रेड घसरला होता आणि तालमींनीच तो घसरवला, असं माझं ठाम मत होतं. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळलं की पोशाखांचं भाडं, लाकूड, रंग, नाटकाच्या हक्कांची फी असा बराचसा खर्च तिकिटं आणि मध्यंतरातल्या पाण्याच्या बाटल्या विकून पालकच उभा करतात. मला शिवणकाम दिलं. आणि टेक वीकच्या, म्हणजे प्रयोगाआधी दिवे-आवाज-सेट जुळवून घ्यायच्या आठवड्याच्या, सोमवारी मी सत्तावीस जणांचं जेवण घेऊन सभागृहात शिरले.

मला वाटलं होतं, तालीम म्हणजे मुलं गात-नाचत असतील. स्टेजवर एक मुलगा नुसता उभा होता, हलत नव्हता, आणि काळोखातून तुझा आवाज येत होता. "लाइट्स सत्त्याऐंशी, स्टँडबाय." वरून कुणीतरी म्हणालं, "लाइट्स." दोन क्षण गेले. "लाइट्स सत्त्याऐंशी, गो." आणि सगळं स्टेज निळं झालं. तुम्हाला ते पटलं नाही. पुन्हा केलंत. मग पुन्हा. त्या एका निळ्या रंगाला वीस मिनिटं लागली. मी मागच्या रांगेत डबे मांडीवर घेऊन बसून राहिले. मधले सगळे संवाद गाळून एका क्यूवरून, म्हणजे दिवे किंवा आवाज बदलायच्या इशाऱ्यावरून, थेट पुढच्या क्यूवर जायचं, याला क्यू-टू-क्यू म्हणतात आणि आख्ख्या नाटकाचं ते करायला दोन संध्याकाळी लागतात, हे मला लाइट बोर्डावरच्या मुलीने जेवताना सांगितलं. तुम्ही हेडसेटवर 'गो' हा शब्द एरवी उच्चारतच नाही, हेही तिनेच सांगितलं. चुकून बोललात तर कुणाचा तरी हात बटणावर पडेल.

आणि मग एक गोष्ट झाली. तू ओठांशी माइक धरून म्हणालीस, "फाइव्ह मिनिट्स." आणि विंगेतून, मेकअपच्या खोलीतून, वरच्या जिन्यावरून, सगळीकडून उत्तर आलं, "थँक यू, फाइव्ह." माझ्या हातातला डबा तसाच राहिला. गेलं वर्षभर मी घरी "पाच मिनिटांत जेवायला ये" म्हटलं की तू खोलीतून तेच ओरडायचीस आणि मला ते उद्धट वाटायचं. एकदा तर मी तुला त्यावरून बोलले होते. "ऐकलं, समजलं, येते" असं तू मला तुझ्या सगळ्यात जबाबदार भाषेत सांगत होतीस, मनू.

तुझ्या आजोबांबद्दल मी तुला फार कमी सांगितलंय. सांगलीला आम्ही नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' तिथेच केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. अप्पा बँकेत होते आणि संध्याकाळी हौशी संस्थेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत ते घरी फक्त झोपायला यायचे. ते कधी तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत. विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायचे, पडदा सांभाळायचे, तिसरी घंटा द्यायचे. नाटकाचं बाड त्यांच्याकडे असायचं. खाकी कव्हर घातलेलं, समासात लाल पेन्सिलीच्या खुणा. कोण कुठून येणार, दिवा कधी मंद होणार, कुठे थांबायचं. शाळेत मुली विचारायच्या, तुझे बाबा नाटकात काय होतात? मी म्हणायचे, काही नाही.

परवा तुझं प्रॉम्प्ट बुक उघडं पडलेलं पाहिलं तेव्हा मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. तुझ्या तीन रंगांच्या खुणा, पट्टीने आखलेल्या रेघा, समासात आकडे. बाडच ते. तुला अप्पा आठवतही नाहीत, तू दोन वर्षांची होतीस ते गेले तेव्हा.

शनिवारच्या प्रयोगाबद्दल तू बाबांना काहीच सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगितलं. मी तेव्हा विंगेत होते, नायिकेचा पोशाख पंचेचाळीस सेकंदांत बदलायचा असतो तिथे मला सुई-दोरा देऊन उभं केलं होतं. चार हातांवर तू, निळ्या दिव्याखाली. दुसऱ्या अंकात स्टेज काळोखं झालं आणि तो चाकांचा जिना अर्ध्यावर अडकला. एक चाक फळ्यांच्या फटीत गेलं होतं. नववीतला तो बारका मुलगा जीव खाऊन ढकलत होता. माझ्या छातीत धडधडायला लागलं. तुझा आवाज मात्र होता तसाच राहिला. "होल्डिंग लाइट्स." मग बँडच्या सरांना, "व्हॅम्प, प्लीज." त्याच चार मात्रा बँड पुन्हा वाजवू लागला, पुन्हा, पुन्हा. तू दोघांना बोटाने खूण केलीस, त्यांनी जिना उचलून पुढे ठेवला, आणि मग 'गो'. बाहेर साडेपाचशे माणसं बसली होती. शेजारच्या काकू नंतर मला म्हणाल्या, तिथलं संगीत किती छान लांबवलंय.

प्रयोगानंतर तो मुलगा सामानाच्या टेबलामागे रडत होता. तू त्याला काही समजावलं नाहीस. त्याच्या हातात कपांचं खोकं दिलंस आणि म्हणालीस, "हे मोजून ठेव, उद्या तूच लावणार आहेस." रात्रीच्या रिपोर्टमध्ये तू काय लिहिलंस तेही मी वाचलं: जिन्याचं डावं चाक, दुसऱ्या अंकाआधी तपासणे. कुणाचं नाव नाही. माझ्या ऑफिसात वीस-वीस वर्षं काम केलेल्या माणसांना असा रिपोर्ट लिहिता येत नाही.

व्हिडिओवरून मी तुझ्याशी भांडले, तेही चुकलंच. आजीला सांगलीत बसून बघायला मिळावं एवढंच डोक्यात होतं. संहिता आणि संगीत भाड्याने आणलेलं असतं, करारात चित्रीकरणाची परवानगी नसते, एक ओळसुद्धा बदलता येत नाही, हे तू तीनदा सांगितलं होतंस. आज दुपारी तुम्ही सगळे खोडरबर घेऊन पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा पुसत बसला होतात, कारण पुस्तकं कोरी करून परत पाठवायची असतात. मीही दोन पुसली. तीन महिन्यांचं काम असं पुसून टाकताना मला वाईट वाटत होतं आणि तुम्ही मुलं गात होतात. तुझे क्यू-शीट आणि रिपोर्ट मात्र कुणीतरी रद्दीच्या डब्यात टाकले होते. ते मी काढून आणलेत. निळ्या फाइलमध्ये आहेत, टाकू नकोस. पुढच्या वर्षी लागतील.

हो, पुढच्या वर्षाचं बोलतेय. स्टेज मॅनेजमेंटची पदवी घ्यायचीय असं तू जानेवारीत म्हणालीस आणि आम्ही दोघांनी विषय बदलला. त्यानंतर मी थोडं वाचलंय. कार्नेगी मेलन विद्यापीठात नाटकाचा पदवी अभ्यासक्रम १९१४ पासून आहे. व्यावसायिक रंगभूमीवर स्टेज मॅनेजर हे नटांच्याच युनियनचे, ॲक्टर्स इक्विटीचे, सभासद असतात. ऑडिशनऐवजी तुमच्याकडून पोर्टफोलिओ आणि मुलाखत मागतात, म्हणून ती फाइल. माझी भीती गेलीय असं मात्र समजू नकोस. फी भरमसाठ आहे. काम मिळेल, संपेल, पुन्हा शोधावं लागेल. बाबांना या काळजीने झोप येत नाही आणि त्यांचं ते चुकीचं नाही. उन्हाळ्यात दोन कॉलेजं बघून येऊ, तिथल्या मुलांना पैशांबद्दल स्पष्ट विचारू. अर्ज दोन्हीकडे कर. निर्णय तेव्हा तिघं मिळून घेऊ, पण हा विषय मी पुन्हा बदलणार नाही.

एक मागणं आहे. टेक वीकमध्ये चार रात्री तू पाच तासांच्या वर झोपली नाहीस. बाकी सगळ्यांच्या जेवणाची वेळ तू तक्त्यात लिहिलीस, स्वतःची नाही. ते मला चालणार नाही. आणि केमिस्ट्रीचा पेपर गुरुवारी आहे, हे तुलाही माहीत आहे.

आजीला मघाशी फोन केला. तिथे सकाळ होती, ती चहा घेत होती. तिने तेच विचारलं, मनू नाटकात काय होती? मी म्हटलं, आई, अप्पा जे करायचे ना, ते. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "तिला जेवायला घाल गं. ते रात्री उपाशीच यायचे."

वरण-भात फ्रिजमध्ये आहे. सकाळी सव्वासहाला हाक मारीन, त्याआधी पाच मिनिटं देईन.

तुझी,
आई