चिंबोरी जिवंत, म्हणून स्वच्छ?

खाडीतल्या चिंबोऱ्यांवरील रविवारच्या लेखात, चिंबोरी तरतरीत असेल तर पाणीही ठीक असणार, असा सूर दिसला; तो पटला नाही. चिंबोरीच्या निळसर रक्तातल्या हिमोसायनिनला (प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाला) तांबे लागतेच. कॅडमियम या विषारी धातूचा मात्र तिला काही उपयोग नाही. तरी ते अंगात शिरले की मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने त्याला धरून ठेवतात आणि कवचाखालच्या तपकिरी-पिवळ्या पाचक ग्रंथीत ते साठत जाते. विष बाहेर पडत नाही, कुलूपबंद होते. म्हणूनच टोपलीतली चिंबोरी नांग्या उगारून अंगावर येते. युरोपीय संघाची कॅडमियमची मर्यादा (किलोमागे ०.५ मिलिग्रॅम) आहे तीही पाय-नांग्यांतल्या पांढऱ्या मांसापुरती, या ग्रंथीला ती लागू नाही. आमच्या घरी तर कवच उघडले की ती पिवळी मलई बोटाने निपटून थेट रश्श्यात जाते, आणि चव तिचीच असते हे मान्य! तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या तपासताना मांस आणि ग्रंथी वेगवेगळी तपासावी, आणि दोन्ही आकडे जाहीर करावेत.

– एक वाचक, ठाणे