कपाटाची दुसरी किल्ली: बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

वाशीतल्या आपल्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची घडी तुम्ही नव्याने बसवून दिलीत. आभाराचा ठराव समितीच्या वहीत आहेच. पण ठाणे, ऐरोली, पनवेलकडच्या मंडळ्यांतून "नक्की केलंत तरी काय?" अशी विचारणा होते, म्हणून हे पत्र उघडंच लिहितो आहोत.

'मुलं येत नाहीत' हे आमचं रडगाणं. तुम्ही उपस्थितीची वही मागितलीत आणि तिच्या शेजारी कॅलेंडर ठेवलंत. सभा रविवारी उपासनेनंतर, साडेअकराला. लोकलच्या हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असला की तो साधारण त्याच सुमारास सुरू होऊन चार-साडेचारपर्यंत चालतो. क्लासची टेस्ट सिरीज रविवारी सकाळी. त्यात दालन रिकामं करायचं, कारण पुढची तमिळ उपासना दारात उभी. श्रद्धा आटली म्हणून आपण हळहळत होतो, त्यातलं निम्मं दुखणं वेळापत्रकाचं निघालं. आता सभा शनिवारी साडेसहा ते आठ. आठ म्हणजे आठ. शेवटची प्रार्थना लांबली की घणसोली-कोपरखैरण्याच्या मुलींच्या घरून फोन सुरू होतात आणि पुढच्या शनिवारी त्या येत नाहीत.

वर्षही तुम्ही जूनपासून मोजायला लावलंत. जानेवारीत निवडलेली मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत अडकतात, मग समिती कागदावरच राहते. म्हणून सहा जणांची टीम, मुदत सहा महिने, जून ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मे. दुसऱ्या सहामाहीत दहावी-बारावीचं कुणीही नाही. पुनरुत्थानाच्या रविवारचा (ईस्टरचा) भार अकरावी आणि डिप्लोमावाल्यांवर. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा तर रविवारीच असते, त्या दिवशी कुणाला 'उपासना चुकवलीस' म्हणायचं नाही. आधी आम्ही बारा जण घेतले होते. बारांत प्रत्येकाला वाटतं, दुसरा करील.

सगळ्यात शहाणपणाचा सल्ला मात्र वयाच्या वाटणीचा. संघाच्या नियमांत वय १५ ते ३५. एकाच सतरंजीवर दहावीतली मुलगी आणि दोन लेकरांचा बाप. आम्ही नियमच बदलायला निघालो होतो. तुम्ही अडवलंत. संघाचं नाव, पदं, बँकेचं खातं थोरल्यांकडेच राहू द्या, म्हणालात, नाहीतर वर्ष भांडणात जाईल. आठवी ते दहावी एक गट, अकरावी-बारावी आणि डिप्लोमा दुसरा. या दोघांना पद नको, काम द्या. महिन्याला दीड हजार आगाऊ, पावत्या दाखवल्या की पुढचे. यामुळे कुणाचं अध्यक्षपद गेलं नाही आणि कुणी रुसलं नाही. (एक जण रुसले, पण ते दरवर्षीच रुसतात.)

काम कोणतं, हे ठरवायला अर्ध्या पानाची चिठ्ठी: कुठल्या स्टेशनवरून येतोस, क्लास कोणत्या वारी, देवनागरी सरसर वाचता येतं का, मंडळीतलं कोणतं काम शिकायला आवडेल. अध्यात्मावर एकही प्रश्न नाही म्हणून काही वडीलधारे कुरकुरले. पण तिसऱ्या प्रश्नानेच आमचे डोळे उघडले. घरात मराठी बोलणारी, इंग्रजी माध्यमातली मुलं शास्त्रवाचनाला उभी राहत नव्हती ती लाजेने. आता उतारा बुधवारी हातात, १८ पॉइंटमध्ये छापलेला, श्वासाच्या जागी उभी रेघ, नबुखद्नेस्सरसारखी नावं तोडून लिहिलेली. सोबत पाळकांच्या (पास्टरांच्या) आवाजातलं रेकॉर्डिंग. रोमन लिपीत लिहून द्यायचं नाही, हा तुमचा हट्ट. तो बरोबर होता: रोमनमध्ये ट-त, ड-द यांचा घोळ होतो आणि मागच्या बाकांवर हसू फुटतं.

साउंडचं काम शिकवायची पद्धत: दोन रविवार शेजारी उभं राहून बघायचं, दोन रविवार बरोबरीने, पाचव्या रविवारी एकट्याने. मोठ्या माणसाने तिसऱ्या बाकावर बसायचं. बिघडतं ते इथेच. माइक किंचाळला की तो माणूस धावत येऊन मिक्सर हातात घेतो आणि मुलगा पुन्हा त्या टेबलाकडे फिरकत नाही. म्हणून आधीच सांगायचं: किंचाळतो तो बहुधा स्पीकरच्या समोर आलेला माइक, त्याच चॅनलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घे, सगळ्यांचा आवाज एकदम बदलणाऱ्या मास्टरला हात लावू नकोस.

गायनात पेटी आणि गिटारचं जमत नव्हतं, ते भाषेमुळे. पेटीवाले काका 'काळी दोन' म्हणतात, गिटारवाला 'डी शार्प' शोधतो. कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) गिटारच्या पहिल्या फ्रेटवर लावून डीचे कॉर्ड धर, एवढं सांगितल्यावर नारायण वामन टिळकांची गीतं तबला-पेटीसोबत गिटारवरही बसली. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांचा तक्ता आता पेटीच्या झाकणावर चिकटवला आहे.

लहान गट सहा ते आठ जणांचे, प्रत्येकात दोन मोठी माणसं, एकट्याने कुणीही नाही. दार उघडं. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती. व्हॉट्सॅपवर मोठ्यांनी मुलांना खासगी निरोप पाठवायचा नाही, जे काही ते गटावर. 'आपलीच माणसं आहेत' असं म्हणणाऱ्यांना तुम्ही शांतपणे सांगितलंत की अत्याचाराची तक्रार आली तर ती समितीत मिटवायची नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या दिवशी बैठक बराच वेळ गप्प होती.

एका बाबतीत तुमचं पूर्ण ऐकलं नाही. नाताळचा कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालू नका, म्हणाला होतात, कारण तालमींत दोन महिने जातात आणि जानेवारीत मुलं दमून गायब होतात. महिला मंडळापुढे आमचं चाललं नाही. वीस मिनिटांची नाटिका आणि चार तालमी, एवढ्यावर तडजोड झाली.

साउंडच्या कपाटाची एक किल्ली पाळकांकडे असते, दुसरी अकरावीतल्या एका मुलीकडे. आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी ती नव्या टीमकडे जाईल. आदल्या संध्याकाळी जुनी टीम नव्यांना केबल गुंडाळायला शिकवणार आहे. जमलं तर या. साडेसहाला सुरू, आठला सुट्टी.

आपले नम्र,
विद्यार्थी गटाची समिती, वाशी