सहलीची तारीख आम्हालाही वेळेवर कळू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुरुवारी संध्याकाळी मुलीने दप्तरातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात शाळेची सहल, पैसे आणि संमतीपत्र सोमवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे द्यावे, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. खाली दोन चौकोन : पाठवणार, पाठवणार नाही. महिनाअखेर होती. पगाराला आठ दिवस बाकी होते आणि घरात जे होते ते वीजबिलासाठी आणि सासूबाईंच्या औषधांसाठी बाजूला काढलेले. मी काही बोलायच्या आतच मुलगी म्हणाली, "आई, मला नाहीच जायचं. मला गाडी लागते."

तिला आजवर एकदाही गाडी लागलेली नाही. ती अकरा वर्षांची आहे.

पैसे उसने आणले, ती सहलीला गेली, आनंदात परत आली. तरीही आमची अडचण ओळखून ती खोटे बोलली, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सहली बंद करा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुस्तकात वाचलेले धरण, वेधशाळा किंवा वस्तुसंग्रहालय डोळ्यांनी पाहिले की मूल ते विसरत नाही. मैत्रिणींबरोबर खिडकीची जागा वाटून घेत केलेला प्रवास हेसुद्धा शिक्षणच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ मध्ये खेळ, विरंगुळा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा मुलांचा हक्क मान्य केलेला आहे आणि त्यासाठी समान संधी देण्याचाही उल्लेख आहे. वर्गातल्या काही मुलांना चार दिवसांत पैसे जमले नाहीत म्हणून घरी राहावे लागत असेल, तर संधी समान राहत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. बस चार दिवसांत ठरत नाही. बसवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते, जिथे जायचे तिथली वेळ घ्यावी लागते, सोबत कोणत्या शिक्षकांनी जायचे ते ठरवावे लागते. म्हणजे शाळेला सहल कितीतरी आधी ठाऊक असते. मग ती आम्हाला शेवटी का कळावी? वर्षाच्या सुरुवातीला सांगितले आणि सहल सहाव्या महिन्यात असली, तर मध्ये पाच पगार येतात. प्रत्येकातून थोडे बाजूला काढले की सहलीच्या वेळी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. गुरुवार ते सोमवार या दिवसांत एकही पगार येत नाही. रक्कम तीच असते, पण तेवढ्याच रकमेसाठी एका घरात बचत होते आणि दुसऱ्या घरात उसनवारी. रोजंदारीवर असलेल्या पालकांचे काय होत असेल? आणि ज्यांची दोन मुले एकाच शाळेत आहेत, त्यांच्या हातात एकाच दिवशी दोन चिठ्ठ्या पडतात.

चिठ्ठीवरचा आकडा हा पूर्ण खर्चही नसतो. बूट फाटलेले असतात, पाठीवरची पिशवी नसते, डबा नेहमीपेक्षा जास्त द्यावा लागतो, वरखर्चाला थोडे पैसे द्यावे लागतात. सगळ्यांनी आणले आणि आपणच नाही, असे मुलांना वाटू नये म्हणून आम्ही तेही कसेबसे करतो.

उशिरा सांगण्याने शाळेचेही नुकसानच होते. बसचे भाडे मुले किती आली यावर ठरत नाही. पन्नास जणांच्या हिशेबाने बस ठरवली आणि दहा जण गळाले, तर उरलेल्या चाळीस जणांवर भाड्याचा भार २५ टक्क्यांनी वाढतो. मग जे कसेबसे तयार झाले होते, त्यांतलेही काही मागे हटतात.

शिक्षकांवर माझा राग नाही. इतक्या मुलांना दिवसभर सांभाळून सुखरूप परत आणायचे, ही जबाबदारी मी एका दिवसासाठीही घेऊ शकणार नाही. परवानग्या उशिरा मिळतात, हेही मी समजू शकते. पण 'परवानगी मिळाल्यास अमुक महिन्यात, अंदाजे एवढ्या खर्चाची सहल' एवढे तरी आधी सांगता येते. पैसे दोन-तीन हप्त्यांत घेता येतात. मूल आजारी पडले तर जेवणाचे किंवा प्रवेशाचे जे पैसे खर्चच झाले नाहीत, ते तरी परत करता येतात.

आणि एक कळकळीची विनंती. पैसे न भरलेल्यांची नावे वर्गात वाचू नका. 'सवलत हवी असल्यास कार्यालयात भेटावे' ही ओळ लिहिणे सोपे आहे, पण त्या खिडकीपाशी इतर पालकांसमोर आपली अडचण सांगणे फार जड जाते. बरेच जण जातच नाहीत, सरळ 'पाठवणार नाही' वर खूण करतात. संमतीपत्रावरच एक चौकोन ठेवा : 'मदत हवी आहे'. पत्र बंद पाकिटात घ्या आणि ते मुख्याध्यापकांनीच उघडावे. ज्यांना शक्य आहे, असे कितीतरी पालक थोडे जास्त पैसे आनंदाने देतील. मला जमेल त्या महिन्यात मीही देईन.

सहलीनंतर वर्गात निबंध लिहायला दिला होता, विषय अर्थातच सहल. माझ्या मुलीच्या बाकावरची मैत्रीण आली नव्हती. तिने इतरांना विचारून विचारून एक पान लिहिले, असे मुलीने मला सांगितले. त्या मुलीच्या आईवडिलांना पुढच्या वर्षीच्या सहलीचा महिना आणि अंदाजे खर्च शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळावा, एवढीच माझी सर्व शाळांना विनंती आहे.

आपली,
एक पालक