लोडर लावण्याआधी मिनी ट्रॅक्टरचे वजन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि दोन-चार एकरांचे बागायतदारही मिनी ट्रॅक्टरची चौकशी करू लागले. ते ठीकच आहे. मात्र शोरूममध्ये त्याच बैठकीत पुढे लोडर (माल उचलणारी बकेट आणि तिचे हात) बसवून घेण्याचा आग्रहही होतो. खत भरायला जेसीबीची वाट पाहायला नको, असे म्हटले की गिऱ्हाईक पटकन हो म्हणते. बोलणे सगळे एचपीचे चालते. लोडरच्या बाबतीत मात्र एचपी हा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. वजन कुठे पडते, ते आधी पाहायला हवे.

एक साधा हिशेब मांडतो. ट्रॅक्टर 850 किलोचा, पुढच्या व मागच्या एक्सलमधले अंतर दीड मीटर. चालक सोडून पुढच्या चाकांवर 340 आणि मागच्या चाकांवर 510 किलो धरू. लोडरचे हात आणि रिकामी बकेट मिळून 200 किलो. हे वजन पुढच्या एक्सलच्या साठ सेंटिमीटर पुढे येते. बकेटमध्ये 200 किलो माल, तो नव्वद सेंटिमीटर पुढे. आता पुढच्या एक्सलला टेकू समजून तागडी मांडा. मागच्या चाकांवर 310 किलो उरतात आणि पुढच्या चाकांवर 940 किलो येतात. म्हणजे 340 किलोची सवय असलेल्या एक्सलवर जवळजवळ तिप्पट भार! फोर बाय फोरमध्ये (चारही चाकांना इंजिनची ताकद) याच एक्सलच्या पोटात गिअर असतात. टू व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) तर तो मधल्या पिनवर झुलणारा नुसता दांडा. पिन आणि बुश आधी सैल होतात, मग चाकाचे बेअरिंग आणि हबचे सील जातात. मागची चाके हलकी झाल्यामुळे टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर ओल्या जमिनीत जागेवरच फिरत राहतो आणि ब्रेकही नीट लागत नाही, कारण ब्रेक मागच्याच चाकांना असतात. लोडर घ्यायचाच असेल तर फोर बाय फोर आणि पॉवर स्टीअरिंग या दोन गोष्टींवर तडजोड करू नये.

यावर उपाय स्वस्त आहे, तो कोणी सुचवत नाही एवढेच. मागच्या तिन्ही लिंकना (अवजार जोडायच्या दांड्यांना) 200 किलोचा काँक्रीटचा ठोकळा लावा. साठ बाय चाळीस बाय पस्तीस सेंटिमीटरच्या साच्यात साधारण एवढेच वजन बसते. काँक्रीट ओतण्याआधी लिंकच्या पिना साच्यात नीट जोडून घ्या. हा ठोकळा मागच्या एक्सलच्या पाऊण मीटर मागे आला, तर वरच्याच हिशेबात मागे 610 किलो होतात आणि पुढचे 940 उतरून 840 वर येतात. त्याच वजनाचा रोटाव्हेटर लावला तरी काम भागते, फक्त पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद ठेवावा. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने मागची पकड वाढते हे खरे, पण ते वजन मागच्या एक्सलच्या बरोबर वर बसते. त्यामुळे पुढच्या एक्सलवरचा भार एका किलोनेही कमी होत नाही. पुढचा भार हलका करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागेच टांगावे लागते.

माहितीपत्रकात ‘लिफ्ट 750 किलो’ असे छापलेले असते. तो आकडा मागच्या लिफ्टचा, तोही लिंकच्या टोकाशी मोजलेला. पुढच्या लोडरशी त्याचा काही संबंध नाही. लोडरचे जॅक (तेलाच्या दाबाने उचलणारे सिलिंडर) तर बहुधा गरजेपेक्षा ताकदवानच असतात. 50 मिलिमीटर बोअरचा एक जॅक 150 बार दाबाला तीन टनांचा रेटा देतो. म्हणून जॅक हरत नाही, त्याआधी ट्रॅक्टरचीच मागची चाके उचलतात. तेलाचा प्रवाह मात्र जरूर विचारावा. असे दोन जॅक 400 मिलिमीटर बाहेर यायला दीड लिटरहून थोडे जास्त तेल लागते. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर बकेट पाच सेकंदांत वर जाते. इंजिन निम्म्या फेऱ्यांवर असेल तर त्याला दहा सेकंद लागतात. हात आणि बकेट यांना वेगवेगळे दुहेरी व्हॉल्व्ह हवेत आणि हाताच्या लिव्हरला फ्लोटची खाच हवी, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होते. फ्लोट नसेल तर जमीन सपाट करताना बकेट एकदा माती खाते, एकदा हवेत राहते.

पुष्कळ मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचे तेल एकच असते. लोडरच्या नळ्या आणि जॅक भरले की पातळी उतरते, म्हणून पहिल्यांदा जॅक चालवून, सगळे आत घेऊन डिपस्टिक पुन्हा पाहावी. नळी जोडताना टोक पुसले नाही तर माती थेट पंपात जाते. मग सहा महिन्यांनी ‘लिफ्ट उचलत नाही’ म्हणून मेकॅनिककडे चकरा सुरू होतात.

जोडणीचे काम गावोगावच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि चांगले कारागीर आहेतही. पण चौकट पाहून घ्या. लोडरचे खांब नुसते क्लचच्या बेलला किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टला धरलेले असतील तर नको म्हणा. ते ओतीव लोखंड आहे, धक्क्याने तडकते आणि मग ट्रॅक्टर मधूनच दोन तुकडे होण्याच्या बेतात येतो. खांबापासून मागच्या एक्सलच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टी गेलेली हवी. अशा बदलानंतर वॉरंटी राहते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकू शकतात, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

बकेट मोठी म्हणजे चांगली, हाही एक गैरसमजच. दीडशे लिटरच्या बकेटमध्ये कुजलेले शेणखत शंभर किलोच्या आसपास बसते, मोकळी माती दोनशे आणि मुरूम अडीचशेच्या पुढे जातो. शेणखतासाठी घेतलेली बकेट मुरमाने शिगोशीग भरली की वरचा सगळा हिशेब कोलमडतो. रुंदी मात्र टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा कमी नको, नाहीतर चाके ढिगावरच चढतात.

आता मूळ प्रश्न: लोडर लागतो का? दोन एकरांना एकरी दहा टन शेणखत धरले तर वीस टन, म्हणजे दोनशे बकेटी. एका फेरीला दोन मिनिटे धरली तरी पावणेसात तास. वर्षातून एकदा. एवढ्यासाठी लोडर घेऊन तो उरलेले वर्ष बागेत पुढे मिरवायचा? शेजारी चौघांनी मिळून अर्धा दिवस जेसीबी बोलावला तर ते काम उरकते. लोडरच्या पैशांत हायड्रोलिक डंपिंग ट्रॉली घेतली तर ती बाराही महिने चालते. गोठा, रोपवाटिका, गांडूळखताचे बेड, ज्यांच्याकडे रोजचे उचलणे आहे, त्यांना लोडर परवडतो. बाकीच्यांचे काम मागे लावायच्या पात्याने भागते.

द्राक्षबागेत आणखी एक अडचण येते. लोडरने ट्रॅक्टरची लांबी तीन फुटांनी वाढते आणि ओळीच्या टोकाला वळताना बकेट शेवटच्या अँगलच्या ताणाच्या तारेत अडकते. म्हणून लोडर काढता येणारा हवा: दोन पिना, चार नळ्या आणि स्वतःचे उभे राहायचे पाय. मंडपाखाली चालवायचा तर सायलेन्सर खालून गेलेला आणि मागची संरक्षक कमान दुमडणारी हवी. बाहेर उतारावर मात्र कमान उभी करा आणि बकेट गुडघ्याच्या वर नेऊ नका. भरलेली बकेट घेऊन उतरायचे असेल तर रिव्हर्समध्ये उतरा.

बागेत ब्लोअर (फवारणीचा पंखा) चालवायचा असेल तर पीटीओची ताकद पाहावी, ती इंजिनच्या एचपीपेक्षा कमीच भरते. क्लच दुहेरी घ्यावा. एकेरी क्लच दाबला की वळणावर पंखाही थांबतो आणि टोकाच्या झाडांवर फवारा कमी बसतो.

हे सगळे आकडे आकाशातून आणायचे नाहीत. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची आयएस 5994 प्रमाणे चाचणी होते. पीटीओची मोजलेली ताकद, लिफ्टची क्षमता, वळण्याची त्रिज्या, दोन्ही एक्सलवरचे वजन, सगळे त्या अहवालात असते. माझी कृषी विभागाला आपल्यामार्फत विनंती आहे की महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) पूर्वसंमती देताना त्या मॉडेलच्या अहवालातले हे चार आकडे शेतकऱ्याला मराठीत द्यावेत, आणि प्रदर्शनात लोडर मांडणाऱ्याने शिफारस केलेले मागचे वजन फलकावर लिहावे. शेतकऱ्यांनीही पूर्वसंमती येण्याआधी पावती फाडू नये. आधी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही.

तोवर शोरूमच्या आवारातच एक चाचणी घ्या. बकेटमध्ये सिमेंटच्या चार गोण्या ठेवा, म्हणजे 200 किलो होतात. गुडघ्याइतकी उचला, पहिल्या गिअरमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू एक फेरी मारा आणि दुसऱ्याला लांबून मागच्या टायरकडे पाहायला सांगा. टायर जमिनीवर नीट दबत नसेल तर विक्रेत्याकडे मागच्या वजनाची किंमत विचारा.

आपला,
अवजारे दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
ता. निफाड, जि. नाशिक