वास्तू वाचवता येत नसतील, तर त्यांची छायाचित्रे तरी काढू द्या

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

बंद पडलेल्या वारसा इमारतींच्या छायाचित्रणासाठी अर्ज केल्यास पंधरा दिवसांत लेखी परवानगी मिळेल, असे आपल्या खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हा हौशी मंडळींना भर सभेत सांगितले होते. माझ्या अर्जाला आठ महिने झाले. गेल्या रविवारी फोर्टमधील एका ओसाड इमारतीत, मालकाचा तोंडी होकार असतानाही, पहारेकऱ्यांनी मला अडवले, चार तास बसवून ठेवले आणि मेमरी कार्डावरील सगळी छायाचित्रे माझ्याच हातांनी पुसायला लावली.

त्यांत एका ओतीव लोखंडी जिन्याची छायाचित्रे होती. त्याच्या कठड्याच्या नक्षीत पिंपळाची मुळे शिरली आहेत, आणि वरच्या फुटक्या झरोक्यातून सकाळी साडेआठला त्यावर जे ऊन उतरते, ते टिपण्यासाठी मी तीन रविवार मुलुंडहून पहाटेच्या लोकलने येत होतो. (माझ्या गुडघ्यांविषयी लिहीत नाही, ते कोणत्याच वारसा श्रेणीत बसत नाहीत.) त्याच इमारतीच्या सागवानी चौकटी टेम्पोत भरून नेल्या गेल्या, तेव्हा हे पहारेकरी बहुधा चहाला गेले असावेत.

काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आला, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे भारतात प्रथम तेथेच दाखवली गेली. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. २००५ मध्ये त्याच वॉटसनच्या सज्ज्यांचा भाग कोसळला. वारसा यादीत नाव घातले की इमारत आपोआप उभी राहते, अशी शासनाची श्रद्धा असावी. तुटपुंज्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही, हक्क जाईल म्हणून भाडेकरू जागा सोडत नाही आणि सरकारी कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. वेळेवर लागते ती फक्त 'धोकादायक इमारत' ही पाटी.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपानंतर ती उघडलीच नाही आणि आज तेथे टॉवर आहे. त्यांच्या विणकाम खात्याचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही, कारण आत कॅमेरा नेण्यास तेव्हाही मनाई होती.

अर्जाच्या पोचपावतीची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावे. तोंडी आश्वासनाचा अनुभव वर लिहिलाच आहे. तो जिना अजून उभा आहे.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, मुलुंड